एकट्या नावाला कंस

त्या स्टिकरवर फक्त एक उकार होता.

ठिपक्याठिपक्यांचं एक लहानसं रिकामं वर्तुळ, आणि त्याच्या खाली लोंबणारा उकार. वर अक्षर नाहीच. छपाई स्वच्छ होती, शाई कुठे फुटलेली नव्हती, कडा सरळ कापलेल्या होत्या. कुमुदने तो स्टिकर ट्यूबलाइटच्या उजेडाकडे धरला. प्रयोगशाळेत बियाण्याचा अंकुर ती असाच धरून बघायची. आधी काय आहे ते नीट बघायचं, का आहे ते नंतर.

"मॅडम," काउंटरपलीकडचा माणूस अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "तुमच्या पाव्हण्यांत उकार नावाचं कोणी आहे का?"

तिने मान वर केली. चौकड्याचा शर्ट, कानावर खोचलेली पेन्सिल, मनगटाजवळ निळ्या शाईचा पुसट डाग. चेहरा गंभीर होता खरा, पण डोळे तसे नव्हते.

"नाही," ती म्हणाली.

"मग काना? कानाचं तर मोठं खानदान दिसतंय तुमच्याकडं. हे बघा... हा एक काना, हा दुसरा, हा त्यांचा चुलतभाऊ असणार."

कुमुदला हसू आलं, पण तिने ते ओठांतच थांबवलं. चूक तिची होती आणि चुकीवर हसण्याआधी ती सापडायला हवी, असा तिचा स्वभाव.

खरं तर या दुकानात ती येणारच नव्हती. तिचा नेहमीचा सिडकोतला छपाईवाला गावी गेला होता. सकाळी चिकलठाण्याला कामावर जायच्या आधी काही कामासाठी ती औरंगपुऱ्यात आली, 'बन्सी प्रिंटर्स' ही पाटी दिसली, आणि तिथे बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातात पेनड्राइव्ह देऊन ती निघून गेली. आता संध्याकाळी स्टिकर न्यायला आली, तर म्हाताऱ्यांच्या जागी हा.

"सकाळी होते ते...?"

"माझे वडील. बन्सीलाल. मी मुरलीधर."

"बन्सी आणि मुरलीधर," कुमुद न राहवून म्हणाली. "एका घरात दोन बासऱ्या?"

"हो, पण वाजत एकही नाही," तो म्हणाला. "घरात वाजते ती आई."

आता मात्र ती हसली.

मग तो ड्रॉवरमधून एक कागद काढून तिच्यासमोर ठेवत म्हणाला, "टेन्शन घेऊ नका. दुपारी रिकामा होतो, तर मी तुमचे पाव्हणे जुळवून ठेवले." त्याने ते तुटके स्टिकर क्रमाने एकापुढे एक चिकटवले होते. आ, व, ड, काना, ब, काना, ई. त्याखाली क, ड, दीर्घ उकार, ब, काना. "ह्या आवडाबाई. हे कडूबा. वडील म्हणाले, पूर्वी छपाईच्या शिशाच्या खिळ्यांतही मात्रा वेगळ्या खान्यात असायच्या, त्यामुळं त्यांना नवल नाही वाटलं. मला वाटलं. बाकी सगळी नावं अखंड, आणि हीच का फुटावीत?"

शेवटच्या ओळीवर त्याने बोट ठेवलं. क, उकार, म, उकार, द.

"आणि ही कुमुद कोण?"

"मी," कुमुद म्हणाली.

त्याने पेन्सिल कानावरून काढून उगाचच परत तिथेच खोचली. "मग... चहा सांगतो. अशा तुटक्या अवस्थेत उभं राहणं बरं नाही."

*

त्याचं असं झालं होतं. कुमुदच्या धाकट्या भावाचं, गोरखचं लग्न ठरलं होतं. घर दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी; कुमुद नोकरीसाठी शहरात खोली घेऊन राहायची. शेती, पेरू-सीताफळाची बाग. भावकी मोठी, आणि काकासाहेबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, चूलबंद आमंत्रण द्यायचं ठरवलं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी पाव्हण्याच्या घरात चूल पेटायची नाही, घरातल्या सगळ्यांनी लग्नाला जेवायला यायचं. त्यावर तिची आई द्वारकाबाई एकदम म्हणाली होती,

"आजपावतर माझ्या नावाचं पाकीट मला आलं नाही. येतं ते 'काकासाहेब आणि परिवार'. लग्न होऊन आले तव्हापासून मी नुसता परिवार हाये."

"मग काय करावं म्हणतीस?" काकासाहेब चकित झाले होते.

"चुलीतल्या दर माणसाला त्याच्या नावाचं पाकीट. सुनेला सुनेचं, लेकराला लेकराचं."

खर्चाचं काहीतरी पुटपुटत काकासाहेब उठले, पण दुसऱ्या दिवशी खाटेवर मांडी घालून नावं सांगायला बसले. कुमुदने मांडीवर लॅपटॉप घेतला. गाव, गावातल्या चुली, चुलीतली माणसं... प्रोग्रामच्या भाषेत अशा मांडणीला डिक्शनरी म्हणतात. एका बाजूला गावाचं नाव, त्याच्यासमोर चुलींची यादी, आणि प्रत्येक चूल म्हणजे चौकोनी कंसात पुन्हा एक यादी. या आतल्या याद्या उघडून सगळ्यांची एकच सपाट यादी करणारा प्रोग्राम तिच्याकडे तयार होता. बियाण्यांच्या कंपनीत ती उगवणक्षमता तपासायची, तिथल्या ट्रेंसाठी तो तिनेच लिहिला होता. सपाट यादीत कुणी कुटुंबप्रमुख नसतो, कुणी परिवार नसतो. एकाखाली एक, सगळे सारखे. आईचं म्हणणं ते हेच की, असं तिच्या मनात आलं आणि तिला बरं वाटलं.

नावं सांगता सांगता काकासाहेब स्क्रीनकडे वाकून बघायचे. "हे चौकोनी काय?"

"कंस, दादा. एका चुलीतली माणसं एका कंसात."

"आन् आवडाबाईलाबी घातला? ती एकटीच तर हाय. एकट्या बाईला कशाला कुंपण?"

कुमुदला ते पटलं. एकट्या नावाभोवती कंस उगाचच वाटत होता. तिने तो काढला. कडूबाचाही काढला. मग काकासाहेब जरा थांबले, खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"आन् शहरात... कुमुद. तुझी चूल आता येगळीच धरायला पायजे."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट एक प्रकारचा मान होता. तिने स्वतःचं नाव लिहिलं. त्यालाही कंस घातला नाही.

*

"म्हणजे," मुरलीधरने चहाचा कप पुढे सरकवला, "एकटा माणूस दिसला की तुमचा प्रोग्राम त्याचे तुकडे करतो?"

"तुकडे नाही करत." तिने समजावून सांगितलं, जरा जास्तच गांभीर्याने. "तो प्रत्येक चूल उघडून आतली माणसं बाहेर काढतो. आवडाबाईंना कंसच नव्हता. पण नाव म्हणजे अक्षरांची एक रांगच असते, त्याला वाटलं हीच यादी. मग त्याने नावच उघडलं."

"आणि लॅबमधी असं कधी झालं नाही?"

"तिथे ट्रेमध्ये एकटं बी कधीच नसतं."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "उपाय?"

"एकट्या नावालाही कंस घालायचा."

"बरंय," तो म्हणाला. "उपाय तर सोपा निघाला." आणि मग सहज विचारावं तसं, पण कपाकडे बघत – "तुमचं... लग्न...?"

"हा प्रश्न मला कोणी विचारत नाही. घरात नियम आहे."

"कोणी केला?"

"मी."

हे ती नेहमीच्या शांतपणे म्हणाली. काही वर्षांपूर्वी स्थळं येत होती तेव्हा – एकाला तिची नोकरी नको होती, दुसऱ्याला तिचा शब्द आधी आणि त्याचा विचार नंतर हवा होता – तिने घरात सांगून टाकलं होतं की यापुढे मला कुणी विचारायचं नाही. ठरलं की मीच सांगेन. गोरखला माझ्यासाठी थांबवू नका. काकासाहेबांनी शब्द दिला आणि पाळला. मावशा, आत्या, शेजारणी, सगळ्यांना त्यांनी गप्प केलं. ती शांतता कुमुदला इतकी आवडली, की आपण अजून काही सांगायचं बाकी आहे हे तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

"ठीक आहे," मुरलीधर म्हणाला. "मग मीही पाळतो."

*

त्याने नियम पाळला, पण बाकी सगळं विचारलं.

"तुमच्याकडं नळाला पाणी कधी येतं?"

"का?"

"त्या दिवशी तुम्ही दुकानात येणार नाही. पाणी भरत बसणार. म्हणजे प्रिंट मी दुसऱ्या दिवशी काढीन."

प्रिंट संपतच नव्हत्या. काकासाहेबांना रोज नवीन चुली आठवत होत्या. भावकीतल्या सांडूच्या घरात भावांच्या दोन चुली झाल्या म्हणून तिने कंसात आणखी कंस घातले, तर त्या घराचे स्टिकर कंस, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हांसकट छापून आले. मुरलीधरने फोन केला.

"मॅडम, सांडूभाऊंचं आडनाव स्वल्पविराम आहे का?"

"नाही," ती फोनवरच हसत सुटली. लॅबमधल्या बाकीच्या बायका मान वळवून बघायला लागल्या. "थांबा... मी येते."

ती आली, दुकानातल्याच स्टुलावर बसून तिने प्रोग्राम पुन्हा लिहिला. कंस दिसला तर उघड, आत आणखी कंस असला तर तोही उघड, आणि नाव दिसलं की थांब. मुरलीधर मागे उभा राहून बघत होता. त्याला प्रोग्राममधलं काही कळत नव्हतं, पण तो तिची बोटं बघत होता, हे तिला पाठमोरीला कळत होतं.

"नाव दिसलं की थांब," त्याने हळूच म्हणून पाहिलं. "हे चांगलं आहे."

"एक सांगू?" तो पुढे म्हणाला. "यादी अकारविल्हे करून द्या. पाकिटं लावताना नाव पटकन सापडतं."

तिने ती ओळही घातली. एकच ओळ होती. तिच्याकडे तेव्हा तिने फारसं लक्ष दिलं नाही.

आशाबाई, म्हणजे मुरलीधरची आई, वरच्या मजल्यावरून खाली डोकावल्या. "कोन आलंय रं? तीच का उकारवाली?"

"आई!"

"आगं बस पोरी, बस. सुशीला करते. ह्याला इचारू नको, हा गिऱ्हाइकाला नुसता च्या पाजून मारतो." आणि त्या खरोखरच मुरमुऱ्यांच्या सुशीलेची ताटली घेऊन खाली आल्या, कुमुदच्या हातात देताना तिच्याकडे नीट बघून घेतलं, आणि काही न बोलता परत गेल्या.

*

पाकिटं हातकागदाची करायची, ही कल्पना मुरलीधरची. "दर माणसाला स्वतःचं पाकीट, तर कागदही तसाच पाहिजे. एकासारखा दुसरा नको." कागद आणायला कागजीपुऱ्याला जायचं ठरलं. तिच्या दौलताबादच्या घरापासून ते गाव जवळच, खुलताबादच्या रस्त्याला. रविवारी तो शहरातून त्याच्या स्कूटरवर आला, ती घरून तिच्या गाडीवर निघाली. हिवाळ्याची सकाळ. शेतात ज्वारी हुरड्यावर आलेली, बांधावर कुणीतरी गोवऱ्या पेटवल्या होत्या आणि त्या धुराला कोवळ्या कणसांचा गोड वास होता. किल्ला अजून अर्धा धुक्यात. दोघं शेजारी शेजारी गाड्या चालवत होते आणि वाऱ्यामुळे मोठमोठ्याने बोलत होते.

"काय म्हणालात?" तो ओरडला.

"काही नाही! म्हटलं... छान वाटतंय!"

"काय?"

"काही नाही!"

त्याला ऐकू आलं होतं. पुढे जाऊन त्याने गाडी हळू केली ती त्यासाठीच, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

कागदाच्या कारखान्यात बिल्किस आपा हौदापाशी उभ्या होत्या. चिंध्यांचा दुधासारखा लगदा, त्यात चौकट बुडवायची, हलक्या हाताने हलवायची आणि वर उचलायची. पाणी गळून गेलं की चौकटीवर ओला, थरथरता कागद उरायचा. कुमुद बघतच राहिली. कागदाच्या कडा सरळ नव्हत्या आणि तेच त्यांचं सौंदर्य होतं.

"क्या मुरली," बिल्किस आपा हात न थांबवता म्हणाल्या, "आज अकेला नै आया?"

"गिऱ्हाईक आहेत, आपा."

"हौ, गिऱ्हाईक. मेरे कने भी गिऱ्हाईक आते. उनकू कोई ऐसा नै देखता." मग त्या कुमुदकडे वळल्या. "बेटा, शादी हुई तुम्हारी?"

कुमुदने तोंड उघडलं. पण तिच्याआधीच मुरलीधर घाईघाईने म्हणाला, "आपा, वो सवाल मना है."

"मना? किसने किया?"

"इनोंनेच."

बिल्किस आपा खळखळून हसल्या. "या अल्ला! फिर तो जवाब भी इनकेच पास सड़ेगा."

सगळे हसले. कुमुदही हसली. पण तिला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं, की त्याने नियम पाळायला नको होता. निदान आज तरी.

परतताना किल्ल्याखालच्या पेरूच्या गाड्यावर ते थांबले. त्याने पेरूला मीठ-तिखट लावून घेतलं, अर्धा तिच्या हातात दिला आणि स्वतःचा अर्धा हातातच धरून उभा राहिला.

"पुढच्या रविवारी पैठणला जायचंय," तो म्हणाला.

"काम आहे?"

"आईनं मुलगी बघितली आहे. मामाच्या ओळखीतली. जाऊन भेटायचं." तो थोडा हसला. "मी पाव्हण्यांकडं गेलो की मुलीऐवजी बायोडाटाची छपाई बघत बसतो. म्हणून आतापर्यंत वाचलो. पण आई म्हणते, ह्या वेळी मामाला शब्द दिलाय. ह्या वेळी त्यांनी हो म्हटलं, तर माझंही हो."

कुमुदने पेरूचा एक चावा घेतला. बिया दाताखाली टणक लागल्या. "जा की मग," ती म्हणाली.

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार..."

"तेच तर." त्याच्या आवाजात राग नव्हता, पण थट्टाही नव्हती. "विचारायचं नाही असं ठरलंय. आणि न विचारता तुम्ही सांगत नाही."

तो स्कूटर सुरू करून शहराच्या दिशेने गेला. ती हातात अर्धा पेरू घेऊन उभी होती.

*

लॅबमध्ये उगवण मोजायला ठरलेला दिवस असतो. त्याआधी मोजलं तर सुप्त बी मेलेलं समजलं जातं, आणि उशीर केला तर अंकुर एकमेकांत गुंतून मोजता येत नाहीत. कुमुद हे नव्या मुलींना दरवर्षी शिकवायची. त्या आठवड्यात ट्रेंवरचं झाकण उचलताना ते वाक्य तिच्या तोंडात अर्ध्यावर थांबलं.

शनिवारी ती गावी गेली. पाकिटांवर स्टिकर लावायला सगळे बसणार होते, आणि काकासाहेबांनी मुरलीधरलाही बोलावलं होतं. शेवटच्या नावांचा कागद तो छापून आणणार होता.

सकाळी काकासाहेबांनी तिला आठवण करून दिली होती, "बन्सीभाऊची चूल राहिली बघ. इतकं केलं त्यांनी, त्यांनला चूलबंदच बोलवायचं. लिही. बन्सीलाल, आशाबाई, मुरलीधर."

तिने शहराच्या नावासमोर कंस उघडला. तीन नावं लिहिली. मग खोलीत कुणी नाही हे बघून यादीत वर गेली, आपलं एकटं नाव तिथून उचललं, आणि खाली येऊन त्या कंसात मुरलीधरच्या पुढे ठेवलं. स्वल्पविराम, कुमुद, कंस पूर्ण. तिने प्रोग्राम चालवला आणि यादी बघायच्या आधीच मुरलीधरला पाठवून दिली.

सांगून टाकलं, असं तिला वाटलं. न बोलता, नेमक्या जागी. तो नावं जुळवणारा माणूस आहे. उकारावरून माणूस ओळखणारा. तो बघेल.

दिवसभर तिने फोन शेजारी ठेवला होता. फोन आला नाही.

संध्याकाळ होण्याच्या सुमाराला तो आला. पाणी पिऊन ओसरीवर बसला, पिशवीतून स्टिकरचा कागद काढून तिच्यापुढे धरला. चेहरा नेहमीसारखा. फक्त डोळे थकलेले.

"बघून घ्या मॅडम. सगळी बरोबर आहेत. ह्या वेळी एकही तुटलं नाही."

कुमुदने कागद घेतला. आवडाबाई. आशाबाई. कडूबा. कुमुद. कृष्णाबाई... आणि कितीतरी खाली, दुसऱ्या रांगेत, मनकर्णाबाईंच्या खाली – मुरलीधर.

ती बघतच राहिली. अर्थातच. यादी सपाट झाली होती. कंस सगळे उघडले होते आणि टाकून दिले होते, वर नावं अकारविल्हे लागली होती. कोण कुठल्या चुलीतलं, कोण कुणाच्या शेजारी, यातलं काहीसुद्धा उरलं नव्हतं. प्रोग्राम तसाच होता, तिनेच तसा लिहिला होता, आणि तो आता कुठेही चुकत नव्हता.

तिला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही.

"काय झालं?" त्याने हळूच विचारलं.

"काही नाही. चूक सापडली."

"पुन्हा?"

"ह्या वेळी प्रोग्रामात नाही."

द्वारकाबाई खळीची वाटी घेऊन आल्या, कारण नुसता स्टिकर हातकागदावर टिकत नव्हता. सगळे कामाला लागले. गोरख पाकिटं दुमडून देत होता, काकासाहेब मोठ्याने नाव वाचत होते, मुरलीधर स्टिकर सोलत होता, कुमुद कडा दाबत होती. 'द्वारकाबाई' असं लिहिलेलं पाकीट आलं तेव्हा द्वारकाबाईंनी ते पदराला हात पुसून घेतलं, उलटसुलट केलं आणि बाजूला देवापाशी नेऊन ठेवलं.

"आवं, घरच्याच बाईला आमंत्रण," काकासाहेब हसले.

"व्हय. आन् मी यायचं का नाय ते बघीन," त्या म्हणाल्या.

'कुमुद' हे नाव आलं. मुरलीधरने तो स्टिकर नखाने अलगद उचलला, जरा वेळ बोटावरच ठेवला, आणि मग पाकिटावर अगदी मधोमध लावला. तो एवढा सरळ लागला होता की कडा दाबायची गरज नव्हती. तरी तिने दाबल्या. त्याचं बोट अजून तिथेच होतं. दोघांनीही ते लगेच काढलं नाही.

ढीग संपला. बाहेर उन्हं किल्ल्याच्या कड्यावर गेली होती. मुरलीधरने हात धुतले, पिशवी खांद्याला लावली आणि हेल्मेट उचललं.

"थांब की, हुरडा भाजतो," गोरख म्हणाला.

"नको. उद्या सकाळी लवकर निघायचंय... पैठणला." हे त्याने गोरखला सांगितलं, पण कुमुदकडे बघून.

काकासाहेबांनी चष्मा काढला, पाकिटांच्या ढिगावर समाधानाने हात फिरवला आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांना मिळून विचारलं, "बगा बरं. कोनी राहिलं का अजून?"

द्वारकाबाई वाटी उचलत होत्या. मुरलीधर पायरीवर बसून बूट घालत होता आणि त्याला नाडी बांधायला फार वेळ लागत होता.

कुमुदला कळलं की हाच तो प्रश्न. याच्याहून जवळचा प्रश्न या घरात तिला कुणी कधीच विचारणार नाही, कारण तिनेच तशी व्यवस्था केली होती. दादांनी शब्द दिलाय, आईने जीभ आवरलीय, आणि पायरीवरचा माणूस नाडीची दुसरी गाठ मारतोय.

"दादा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "एक नाव चुकीच्या जागी आहे."

"कोनाचं?"

"माझं." ती उठून उभी राहिली. बोटांना खळ लागलेली होती, ती तिने तशीच राहू दिली. "तुम्ही माझी चूल वेगळी धरली होती. सकाळी मी ते नाव तिथून काढलं आणि बन्सीकाकांच्या चुलीत घातलं. पण छापताना कंस निघून गेले, कुणाला दिसलं नाही. म्हणून... बोलावं लागतंय."

द्वारकाबाईंच्या हातातली वाटी जागच्या जागी थांबली. काकासाहेबांनी चष्मा पुन्हा लावला, जणू नीट ऐकायला तो लागणार होता. पायरीवर मुरलीधरने मान वळवली. हेल्मेट त्याच्या गुडघ्यावरून घसरलं आणि अंगणात गडगडत गेलं, ते उचलायला कुणीही हललं नाही.

"मला कुणी विचारू नका म्हटलं होतं. तुम्ही सगळ्यांनी विचारलं नाही, इतकी वर्षं. ठरलं की मीच सांगेन म्हटलं होतं..." ती थांबली. मग दादांकडे न बघता, आईकडे न बघता, सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली,

"माझं ठरलंय. मला तुमच्याशी लग्न करायचंय, मुरलीधर. उद्या पैठणला जाऊ नका."